बाळाची खोली तयार सेट न घेता कशी सजवायची? नागपूरकर आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दोन्ही लेकरांच्या वेळी, आणि त्यानंतर बहीण, नणंद, शेजारी अशा बऱ्याच घरांत बाळाची खोली लावताना मी हाताशी होते. प्रत्येक घरी फिरून फिरून तेच प्रश्न निघतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना नागपूरचा उन्हाळा, इथली घरं आणि इथले सण डोळ्यांपुढे ठेवले आहेत.

थीम नको, म्हणजे नेमकं काय नको?

एकाच दुकानातून एकाच दिवशी आलेला संच नको. पडद्यावर जिराफ, चादरीवर जिराफ, दिव्यावर जिराफ आणि भिंतीवर जिराफाचं स्टिकर. दिसतो तो सुरेखच. पण नागपुरात लावा की नाशिकला, सारखाच दिसतो. त्या खोलीत बाळाची आजी दिसत नाही, मामा दिसत नाही, गाव दिसत नाही. माझं साधं मागणं आहे: खोलीतल्या चार-पाच वस्तूंकडे बोट दाखवून "हे कोणाचं?" असं विचारलं, तर घरातल्या कुणालाही सांगता आलं पाहिजे.

प्राणी हवेच असतील तर जवळचे घ्या. पेंचचं जंगल आपल्या शेजारी आहे. वाघ, चितळ, रानगवा, मोर हे सगळे लेकरू जरा मोठं झालं की त्याला प्रत्यक्ष नेऊन दाखवता येतील.

मग सगळं विजोड दिसणार नाही का? पसारा वाटेल अशी भीती वाटते.

ही भीती जवळजवळ प्रत्येकीला वाटते. भिंत, लाकूड आणि उजेड या तीन गोष्टी शांत ठेवल्या, तर बाकीच्या वस्तू कितीही वेगवेगळ्या असल्या तरी चालतं. भिंत एकाच फिक्या रंगाची. लाकूड एक किंवा फार तर दोन छटांचं. सागाच्या कपाटाशेजारी पांढऱ्या सनमायक्याचं टेबल चालेल, पण त्यात गडद अक्रोडी आणि गुलाबी प्लास्टिकची भर पडली की डोळा भिरभिरतो. आणि उजेड पिवळसर, सौम्य, डोक्यावरून थेट बाळाच्या डोळ्यांत न येणारा.

यानंतर मी एक गोष्ट नेहमी करते. खोलीत जे जे ठेवायचं आहे ते सगळं सकाळच्या उजेडात एका चटईवर मांडते आणि दहा मिनिटं नुसती बघते. बहिणीच्या घरी असं मांडलं तेव्हा चटईवर होतं: सासूबाईंनी शिवलेली गोधडी, आबाजींचं (आजोबांचं) लिहायचं बुटकं डेस्क, पितळी डबा, मामाने बस्तरहून आणलेला ढोकरा (ओतीव धातूचा) हत्ती आणि तिच्या स्वतःच्या लहानपणीचा लाकडी बैल. कशाचा कशाशी मेळ नाही. मग लक्षात आलं की गोधडीच्या काठाला विटकरी रंग आहे आणि बैलाच्या झुलीलाही तोच. गांधीबागेतून त्याच रंगाचं सुती कापड मीटरवर आणलं आणि पडद्याला खाली चार बोटं पट्टी लावली. खोली जुळून आली. एक रंग तीन ठिकाणी दिसला की पुरतं. चौथ्या ठिकाणी मुद्दाम आणायला जाऊ नका, तिथून पुन्हा थीम सुरू होते.

शेजारच्या काकू बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सारं एकाच रंगाचं काहाले पाह्यजे वो? लेकराले का रंग मोजाचे हायत?" मला ते मनापासून पटलं.

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या लोखंडी ट्रंकेपासून. बाजारात जायच्या आधी दोन्हीकडच्या आज्यांना विचारा की जपून काय ठेवलं आहे. कुंची निघते, दुपटी निघतात, बाळाच्या बाबाचा चांदीचा खुळखुळा निघतो, करवतकाठी टसरचा एखादा जीर्ण तुकडा निघतो. करवतकाठ हा आपल्या विदर्भाचा काठ आहे, करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेला. साडी विरली तरी काठ शाबूत राहतो. हातभर पट्टी कापून, मागे पांढरं कापड लावून भिंतीवर ताणून लावली तर तिच्याइतकं देखणं चित्र विकत मिळणार नाही.

मऊ झालेल्या सुती नऊवारीची दुपटी आणि चादरी शिवा. नव्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला टोचते. दहा वर्षं धुतलेली सुती साडी टोचत नाही. म्हणून तर आपल्याकडे बाळाला पहिलं अंगडं जुन्या कापडाचं घालतात.

आता एक इशारा, आणि तो फार महत्त्वाचा आहे. ट्रंकेतल्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. त्यात बहुधा नॅप्थलीन असतं. अंगात जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या नवजात बाळाला असे कपडे नुसते गुंडाळले, तरी त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. बाळात ही कमतरता आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून ट्रंकेतलं सगळं बाळ यायच्या खूप आधी काढा, गरम पाण्यात दोनदा धुवा, कडक उन्हात तीन-चार दिवस घाला आणि वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका. वास जात नसेल तर ते कापड बाळाच्या खोलीत नकोच. बाळाच्या कपाटातही डांबरगोळ्या ठेवू नका.

आबाजी तान्ह्या पोळ्याचा बैल आणणार म्हणतात. तो तर मोठ्या मुलांसाठी असतो ना?

आणू द्या. नागपूरकर घरातल्या बाळाच्या खोलीत माझ्या मते याहून योग्य वस्तू नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. भोसल्यांच्या काळापासून नागपुरात चालत आलेला हा लेकरांचा सण. आठवडाभर आधीपासून महाल, इतवारीकडे लाकडी बैल विकायला मांडतात, हातभर उंचीपासून माणसाएवढ्यापर्यंत. बैल हातात घेऊन बघा: पाटीला चार चाकं, शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू, पुढे ओढायला दोरी. रंधा नीट मारला आहे का ते पोटाखालून आणि पायांच्या आतून बोट फिरवून बघा, कारण सुताराचा हात तिथेच घाईत असतो. लाकडाचं कुसळ राहिलं असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.

पहिलं वर्ष तो फळीवर राहील. दोरी सोडून ठेवा, घुंगरू आणि टिकल्या काढून डबीत ठेवा, कारण बाळ रांगायला लागलं की सगळं तोंडात जातं. फळी भिंतीला पक्की हवी आणि पाळण्याच्या बरोबर वर नको. दुसऱ्या वर्षी बैल जमिनीवर येईल आणि लेकरू तो ओढत दारोदार बोजारा (सणाचा खाऊ-पैसे) मागायला जाईल. त्या खोलीतली दुसरी कुठलीही सजावट अशी वर्षातून एकदा घराबाहेर पडून गल्ली फिरून येत नाही.

भिंतींना कोणता रंग द्यावा?

आधी भिंत कुठल्या दिशेला आहे ते बघा. पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री दहापर्यंत तापलेली असते. तिथे गडद केशरी किंवा लाल दिला तर खोली आणखी तापल्यासारखी वाटते. मोतिया, ताकासारखा पांढरा, फिकट पिस्ता, फिकट आकाशी यातलं काहीही चालेल. संत्र्याचा रंग नागपूरकरांना मोहात पाडतो, मलाही. तो भिंतीऐवजी एखाद्या स्टुलाला द्या.

रंगाच्या डब्यावर शिसं किती ते बघा. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी आहे आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. खरा धोका त्याआधीच्या जुन्या ऑइल पेंटचा. आजोळच्या कपाटावर, जुन्या दारावर तो असतो. तो खरवडला की शिशाची धूळ उडते. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी तेव्हा त्या घरात थांबू नये, आणि काम झाल्यावर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. रंगकाम बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी उरकून खोली वाऱ्याला उघडी ठेवा.

मुलगा होईल की मुलगी माहीत नाही, मग निळा की गुलाबी?

गोधडीत सगळे रंग असतात. तोच नियम खोलीला लावा.

पारा ४५ च्या पुढे जातो. सजावट आणि कूलर एकत्र कसे बसवायचे?

कूलरची जागा आधी ठरवा, मग सजावट. इथे बहुतेक घरांत खिडकीला मोठा लोखंडी कूलर असतो आणि तो बसला की खिडकीचं रूपच बदलतं. हवेचा झोत बाळावर थेट येऊ नये, म्हणून पाळणा झोताच्या वाटेतून बाजूला. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, तेव्हा समोरचं दार किंवा दुसरी खिडकी थोडी उघडी हवी. नाहीतर खोलीत दमट कोंडतं. झोतासमोरच्या भिंतीवर कापडी तोरणं, कागदी चित्रं, गोधडी काहीही टांगू नका. माझ्या थोरल्याच्या वेळी हीच चूक झाली होती. त्याच्या आत्याने काढलेलं चित्र महिन्याभरात फुगलं आणि कडेने काळं पडलं. ते पुन्हा मिळालं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

कूलरच्या ताट्या (पाणी झिरपणाऱ्या गवती जाळ्या) दर उन्हाळ्यात नव्या घाला, खसच्या मिळाल्या तर खोलीला वाळ्याचा वास येतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची पाळी चुकवायची नाही. पावसाळा लागला की कूलर नुसता ओलावा वाढवतो, तेव्हा तो बंद करून पंख्यावर या. एसी असेल तर २४ ते २६ अंशांवर ठेवा.

खिडकीला डासांची जाळी, आतून अस्तर लावलेला सुती पडदा. दुपारचं ऊन अडतं आणि बाळाची दुपारची झोप होते. पडद्याच्या किंवा ब्लाइंडच्या लोंबत्या दोऱ्या मात्र बाळाचा हात पोचणार नाही इतक्या उंच बांधा. त्या गळ्याभोवती अडकल्याने बाळं दगावली आहेत.

डिसेंबर-जानेवारीत उलट चित्र. रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि फरशी बर्फासारखी होते. तेव्हा जाड सतरंजी अंथरा. गालिच्यात धूळ बसते, सतरंजी गच्चीवर नेऊन झटकता येते.

घरचा जुना पाळणा वापरावा का?

मनाने म्हणाल तर जरूर. त्याच पाळण्यात आजोबा झोपले, बाबा झोपले, ही केवढी गोष्ट आहे! पण भावनेच्या भरात तो तसाच उचलून आणू नका. सुताराला घरी बोलवा. दांड्यांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. कड्या, साखळी, आकडे झिजलेले असतील तर बदला. वरचा जुना रंग ऑइल पेंट असेल तर वर सांगितलेली शिशाची काळजी इथेही लागू. विदर्भातले जुने पाळणे बहुतेक सागाचे; खालचं लाकूड उघडं करून नुसतं तेलपाणी केलं तरी आलापल्लीकडच्या सागाचे धागे असे खुलतात की वर काही रंगवावंसं वाटत नाही.

आता झोपेचं. इथे मी सजावटीचा हट्ट पूर्ण बाजूला ठेवते. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचं. पहिलं वर्षभर झोपायच्या जागी उशी, लोड, कडेच्या गाद्या, मऊ खेळणी, जाड पांघरूण काहीही नको. नाकातोंडावर आलं तर बाळाला बाजूला सारता येत नाही. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी द्यायची आपल्याकडे रीत आहे, ती झोपताना नको. झोळीत डोळा लागला, तर उचलून सपाट गादीवर ठेवा, कारण झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. पाळण्यावर जे काही टांगाल ते बाळ हात-गुडघ्यांवर अंग उचलायला लागलं की उतरवायचं.

म्हणजे आजीची गोधडी कुठे? खुर्चीच्या पाठीवर, बाळ जागं असताना खेळायला जमिनीवर, आणि हिवाळ्यात दूध पाजताना तुमच्या स्वतःच्या खांद्यावर.

आमच्याकडे वेगळी खोलीच नाही. दोन खोल्यांचं घर आहे.

मग तुम्ही बालरोगतज्ज्ञ सांगतात तेच करत आहात. पहिले सहा महिने तरी बाळाने आईबाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या गादीवर किंवा पाळण्यात झोपावं, असं ते सांगतात.

एक भिंत बाळाची ठरवा. पाळणा, त्याच्याजवळ एक फळी, फळीखाली दुपट्यांची वेताची टोपली. कपाटाचा एक कप्पा रिकामा करून त्याच्या दाराला आतून चित्र लावा, दार उघडलं की दिसेल असं. माझ्या धाकटीची 'खोली' म्हणजे अशी सहा फुटांची भिंत होती. घरी येणारा प्रत्येक जण पाय धुऊन आधी तिथे जाऊन उभा राहायचा.

सासूबाई म्हणतात, बाळ यायच्या आधी काही आणायचं नाही.

त्यांचा मान ठेवा. त्या म्हणण्यामागे पूर्वी पाहिलेली दुःखं असतात, आणि वाद घालून ती पुसली जात नाहीत. सोय अशी की खोलीची कामं आधी करता येतात: रंग, जाळी, पंख्याचा आवाज काढणं, प्लगची दुरुस्ती, पडदे. ही घराची कामं आहेत, बाळाची खरेदी नव्हे. ट्रंकेतलं धुऊन ठेवणं हेही चालतं, कारण ते घरातलंच. पाळणा, कपडे, खेळणी बारशाच्या सुमारास येऊ द्या. तसाही पहिल्या बारा दिवसांत बाळाला दूध, ऊब आणि झोप यापलीकडे काही लागत नाही.

एवढ्या लहान बाळाला दिसतं तरी काय?

जन्मतः वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंतचं बऱ्यापैकी दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा जितका दूर असतो तितकं. पहिले दोन-तीन महिने ठळक काळं-पांढरं त्याला सगळ्यात जास्त खेचतं. रंग नीट ओळखता यायला चार-पाच महिने लागतात. फिकट गुलाबी ढग आणि फिकट निळे ससे त्याला धुक्यासारखे असणार.

यासाठी काही विकत आणू नका. काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या रंगाने ठिपक्यांची रांगोळी काढा, सात ते एक अशी. माझ्या आईने धाकटीसाठी अशी चार काढली आणि लंगोट बदलायच्या जागेशेजारी हातभर अंतरावर टेकवून ठेवली. दीड महिन्याची पोर कमळाच्या रांगोळीकडे टक लावून बघायची, पाय झाडायची थांबायची. आई म्हणाली, "बघ, हिला ठिपके जोडता येतात." चारही कागद मी अजून जपले आहेत.

भिंतीवर आणखी काय लावता येईल?

गोंड चित्र. बारीक ठिपके आणि रेघांनी भरलेले हरीण, झाड, पक्षी. ठळक काळं-पांढरं असेल तर वर सांगितलेल्या कारणाने ते बाळालाही आवडतं. शिवाय हे शहर वसवलं तेच गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी, तेव्हा ते चित्र इथलंच आहे. हाताने काढलेलं, थेट चित्रकाराकडून घेता आलं तर घ्या.

बाबा रेल्वेत असेल तर इंजिनाचं चित्र, आई शेतकऱ्याच्या घरची असेल तर तिच्या मळ्यातल्या संत्र्याच्या झाडाचा फोटो. घरच्यांचे फोटो बाळाच्या नजरेच्या उंचीवर लावा, मोठ्यांच्या नव्हे.

पाळण्याच्या आणि पलंगाच्या वर काचेची फ्रेम नको. कपाट, ड्रॉवर, पुस्तकांची मांडणी एल-अँगलने भिंतीला आवळून घ्या. मूल उभं राहायला शिकलं की तो ड्रॉवर उघडून त्यावर चढतं आणि सगळं अंगावर येतं. पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे, ते पुढे ढकलू नका.

भाड्याच्या घरात खिळे ठोकायला मालक नाही म्हणतात.

दोन खिडक्यांच्या गजांमध्ये सुतळी बांधा आणि लाकडी चिमट्यांनी चित्रं लावा, बाळाच्या हाताबाहेर. चिकटणारी स्टिकर टाळा. काढताना रंगाचा पापुद्रा सोबत येतो आणि अनामत रकमेवरून वाद होतो. ड्रॉवरसाठी मात्र मालकाशी बोलून दोन भोकांची परवानगी घ्याच.

बारशाला थीमचे सेट भेट येतात. त्यांचं काय?

प्रेमाने दिलेलं असतं, म्हणून परतवायचं नाही. सेट मोडा. चादर वापरा, उशा पहिलं वर्ष बाजूला ठेवा, पडदा स्वयंपाकघराच्या छोट्या खिडकीला लागतो. एकटा जिराफ गोधडी आणि बैलाच्या शेजारी ठेवला की छान दिसतो. कोणी आधी विचारलं तर सरळ सांगा: "तुमच्याकडची एखादी जुनी वाटी, नाहीतर लहानपणीचं पुस्तक द्या." लोक किती हरखतात ते बघा.

खेळणी कशी निवडायची?

१ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते बघून घ्या. नोंदणी असलेल्या कारागिरांच्या हस्तकलेला यात सूट आहे, म्हणून सावंतवाडी, चन्नपट्टणची लाकडी खेळणी घेताना रंग बोटाला लागतो का ते ओल्या फडक्याने घासून बघा. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. बटण सेल असलेलं खेळणं स्क्रूने बंद नसेल तर घरातच नको. सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका जळते. अशा वेळी थेट दवाखाना.

पैसे कशावर खर्च करावेत?

गादी, जाळी, वायरिंग आणि दूध पाजायला बसायची एक चांगली खुर्ची. रात्री तीनला ती खुर्चीच तुमचा आधार असते. तिला हात हवेत, पाठ उंच हवी. बाकी सगळं घरातून, मागून आणि सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून होतं.

खोली कधी तयार झाली म्हणायची?

एक फळी रिकामी सोडा, तेवढ्यापुरती ती तयार आहे. त्या फळीवर काय ठेवायचं ते लेकरू ठरवेल. आमच्याकडे आज तिथे अंबाझरीहून आणलेला एक गोल दगड, वाळलेली संत्र्याची साल आणि बैलाचं निखळलेलं एक चाक आहे. चाक पोळ्याच्या आत सुताराकडे न्यायचं आहे.